शेतकऱ्याचा घरखर्च व शिल्लक

शेतीच्या उत्पन्नाविषयी आमच्यात जितका विचार होतो, तितका घरखर्चाविषयी होत नाही. बी कोणते घ्यावे, खत किती द्यावे, फवारणी केव्हा करावी, याची चर्चा पारावर व बाजार समितीच्या आवारात रोज चालते. परंतु पट्टीचे पैसे कोणत्या वाटेने व किती दिवसांत गेले, हे कागदावर दाखवू शकणारे शेतकरी विरळाच. वास्तविक मालाचा भाव आपल्या हाती नाही, पाऊस तर नाहीच नाही; हाती आहे तो आपला खर्च. तेव्हा त्याची व्यवस्था कशी लावावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

शेतकरी लग्नकार्यातील उधळपट्टीने कर्जबाजारी होतो, असा समज फार जुना आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांचे रोखे व वह्या जाळल्या आणि ते लोण नगर जिल्ह्यातही पोहोचले. त्याच्या चौकशीकरिता सरकारने नेमलेल्या मंडळाने हा समज तपासून पाहिला. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने जास्त असतो, हे मंडळाने मान्य केले. परंतु असे प्रसंग क्वचित येतात, आणि कर्जाचे मूळ बहुधा त्यात नसते, असे त्याला आढळले. दाणागोटा, बी, बैल व सरकारी सारा यांसाठी वारंवार काढलेल्या लहान लहान रकमांनीच कर्जाचा डोंगर उभा राहत होता. आज सावकाराच्या जागी किराणा दुकान व खतांचे दुकान आले असले, तरी या निष्कर्षातील तथ्य कमी झालेले नाही.

नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याची अडचण अशी की, त्याचा पैसा वर्षातून दोन-तीन वेळा येतो व खर्च मात्र रोज होतो. द्राक्षाचे पैसे जानेवारी ते एप्रिल, उन्हाळ कांद्याचे मार्चपासून चाळ रिकामी होईपर्यंत, आणि सोयाबीन-मक्याचे दिवाळीच्या सुमारास. पैसा आला की हात सैल होतो, व पुढील चार महिने उधारीवर काढावे लागतात. याकरिता जो नियम सर्वांत महत्त्वाचा, तो असा : उरले तर शिल्लक टाकू, असे म्हणू नये, पट्टी हाती पडेल त्याच दिवशी तिचे भाग पाडून शिल्लक प्रथम बाजूस काढावी.

उदाहरणादाखल, एखाद्या कुटुंबाचा २०० क्विंटल कांदा १,३०० रुपये भावाने गेला, तर २,६०,००० रुपये येतील. सोयाबीनचे १,००,००० धरले, तर एकूण ३,६०,००० होतात. पुढील हंगामाच्या लागवडीस १,४०,००० व दरमहा १२,००० प्रमाणे घरखर्चास १,४४,००० वजा जाता ७६,००० उरतात. यातून तीन महिन्यांच्या घरखर्चाइतके ३६,००० संकटनिधी म्हणून व २४,००० मुलांच्या शिक्षणाकरिता वेगळे ठेवावेत. राहिलेले १६,००० दुरुस्ती, सणवार व आलेगेले यांसाठी. आता पुढील वर्षी हाच कांदा ८०० रुपयांनी गेला असे धरा. उत्पन्न एक लाखाने घटेल, आणि ७६,००० शिल्लक राहण्याऐवजी २४,००० ची तूट येईल. ज्याने ३६,००० बाजूस ठेवले, तो ही तूट कोणापुढे हात न पसरता भागवील. ज्याने ठेवले नाहीत, त्याच्या कर्जाचा पहिला रोखा त्याच वर्षी लिहिला जाईल.

असे वर्ष येते, हे कांदा उत्पादकांस सांगावयास नको. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ रोजी सशर्त खुली झाली. तेवढ्या अवधीत अनेकांचा लेट खरिपाचा सबंध माल विकून झाला होता. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे म्हणतात. शेतकऱ्याचे अंथरूण दरसाल लांबीने बदलते, म्हणून ते आखूड आहे असे धरूनच पाय पसरावे. घराचे अंदाजपत्रक नेहमी पडत्या भावावर बांधावे.

हिशेबाची वही :— शेतीचा जमाखर्च व घरचा जमाखर्च यांच्या वह्या निरनिराळ्या असाव्यात. दोन्ही पैसे एकाच खिशात राहिले, की शेती तोट्यात आहे की घर, हेच कळत नाही. घरची वही गृहिणीकडे द्यावी, कारण रोजचा खर्च तिच्याच हातून होतो. वहीने लहान गळती चटकन दिसते. बाजारच्या दिवशीचा चहा-फराळ, तंबाखू व किरकोळ फेऱ्यांचे पेट्रोल मिळून दिवसास ४० रुपये जात असतील, तर वर्षाचे १४,६०० होतात. वरील उदाहरणातील दुरुस्ती व सणवाराचा जवळजवळ सगळा भाग एवढ्यात गेला.

उधारी :— दुकानदार उधारीवर व्याज घेत नाही, असे पुष्कळांस वाटते. ते किमतीत मिसळलेले असते. शंभरांच्या मालास उधारीमुळे १०५ मोजावे लागले व रक्कम सरासरी तीन महिन्यांनी दिली, तर तो दर वर्षास शेकडा २० पडतो. याउलट तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास सवलतीने शेकडा ४ किंवा त्याहूनही कमी दराने पडते. तेव्हा बी-खते पीककर्जातून रोखीने घ्यावी, आणि घरचा किराणा पट्टीच्या दिवशीच वर्षाचा किंवा सहामाहीचा भरून ठेवावा. चार घरांनी मिळून घाऊक खरेदी केल्यास आणखी लाभ होतो.

घरचे उत्पन्न :— द्राक्ष-कांद्याच्या भरात आम्ही डाळ व भाजीही विकत आणू लागलो. बांधावर तूर, परसात सांडपाण्यावर दुधी, वांगी, शेवगा व कढीपत्ता एवढे लावले, तरी भाजीचा खर्च निम्म्यावर येण्याजोगा आहे. ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत, त्यांनी दोन घनमीटरचे गोबर गॅस संयंत्र बसवावे. त्यास रोज सुमारे ५० किलो शेण लागते. लहान कुटुंबाच्या स्वयंपाकाचे इंधन घरी मिळते आणि बाहेर पडणारी मळी खत म्हणून शेतात जाते. जे जाळून राख व्हावयाचे, ते दोनदा उपयोगी पडते.

शिल्लक कोठे ठेवावी :— घरात ठेवलेली रोकड पाहुण्याच्या व मित्राच्या गरजेपुढे टिकत नाही. दागिन्यात घडणावळ व मोडताना घट, असा दोहींकडून तोटा होतो. बँकेत एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीस २०२० पासून विम्याचे संरक्षण आहे, व ते सहकारी बँकांसही लागू आहे. पतसंस्थांतील ठेवींस मात्र ते नाही. चढ्या व्याजाच्या मोहाने सर्व पुंजी एकाच पतसंस्थेत गुंतविणे म्हणजे सर्व कांदा एकाच चाळीत भरण्यासारखे आहे. टपाल खात्यात दरमहा १०० रुपयांपासूनही आवर्ती ठेव ठेवता येते. दहा वर्षांच्या आतील मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खाते वर्षास २५० रुपयांपासून चालते. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षास येणारे ६,००० रुपये किरकोळीत जिरू न देता अशाच खात्यात भरावेत. गृहिणींनी बचत गटात नियमाने वर्गणी टाकल्यास अडीअडचणीस गावातच रक्कम उभी राहते.

लग्नकार्य :— जुन्या चौकशी मंडळाने लग्नखर्चास कर्जाचे मूळ मानले नाही, म्हणून तो वाटेल तसा करावा असे नव्हे. त्या काळी लग्न बहुधा दारातल्या मांडवात होई. आज मंगल कार्यालय, लॉन्स, मानपान व वाजंत्री यांत एका हंगामाचे उत्पन्न एका दिवसात जाते. लग्नाची रक्कम आधी साठवावी व साठली असेल तितकेच लग्न करावे. पीककर्ज किंवा पुढील लागवडीचा पैसा त्यास लावू नये. तसे झाल्यास नवदांपत्याच्या संसाराची सुरुवात सासरच्या कर्जाने होते. चार प्रतिष्ठित घराण्यांनी प्रथम साधेपणाने कार्य केले, तर त्यांच्या मागून जाण्यास इतरांस संकोच वाटणार नाही.

हे सर्व एकाच वर्षी साधेल असे नाही. या हंगामात निदान तीन गोष्टी कराव्यात : दोन वह्या घालाव्यात, किराण्याची उधारी बंद करावी, आणि पहिल्या पट्टीतून शेकडा १० रक्कम त्याच दिवशी बँकेत टाकावी. ज्या घरात तीन महिन्यांचा खर्च शिल्लक आहे, त्या घरचा शेतकरी पडत्या भावात चाळीचे दार घाईने उघडत नाही. तो चार आठवडे थांबू शकतो. बाजारात उभे राहण्याचे हे बळ शेतकऱ्यास त्याच्या स्वतःच्या घरखर्चाच्या वहीतूनच मिळावयाचे आहे.