मर्लिनच्या कलानं

पी-51डी मस्टँगच्या नाकात 27 लिटरचं, बारा सिलिंडरांचं मर्लिन इंजिन असतं. रचना रोल्स-रॉइसची, बांधणी अमेरिकेतल्या पॅकार्डची. टेकऑफला 3000 आरपीएम आणि 61 इंच मॅनिफोल्ड प्रेशर ही त्याची युद्धकाळातली मर्यादा. जिवावर बेतलं तर 67 इंच, तेही पाचच मिनिटं. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याचे साधारण 30 इंच असतो, म्हणजे सुपरचार्जर दुपटीनं हवा कोंबतोय. नेवाडातल्या रेनोच्या विमान-शर्यतींत याच घराण्यातली इंजिनं शंभर इंचांच्या वर पळवली गेली. त्यातली काही जिंकली, काही धूर सोडत मधेच उतरली.

1964 ला सुरू झालेल्या या शर्यतींची रेनोतली शेवटची खेप सप्टेंबर 2023 मध्ये झाली. त्याआधी, नोव्हेंबर 2021 मध्ये, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरनं शर्यतीचा मार्ग, ज्यांना वळसा घालायचा त्या खांबांसकट, संगणकावर आणला होता. सोबत मस्टँग आणि टी-6 सुद्धा. ही टी-6 म्हणजे आपल्या हवाईदलाची जुनी हार्वर्ड.

खऱ्या रेनोत शर्यतीचं मस्टँग तयार करणं म्हणजे काटछाट असायची. बंदुका काढायच्या, पंखांची टोकं कापायची, कॉकपिटवरची काच ठेंगणी करायची, रेडिएटरवर पाण्याचे फवारे बसवायचे. सिम्युलेटरच्या शर्यतीत सगळ्यांना एकच विमान दिलं, की या कशालाच वाव उरत नाही. चोरवाट मात्र असते. हवेचा रोध किती, हे बऱ्याच सिम्युलेटरांत एका कॉन्फिग फाइलीत आकड्यानं लिहिलेलं असतं. 1 च्या जागी 0.8 टाकलं की विमान सुसाट. म्हणून शहाणे आयोजक सगळ्यांच्या फाइली आधी ताडून बघतात. माझ्या मते असा आकडा बदलून जिंकणाऱ्यानं शर्यतीत उतरूच नये, घरी बसून पत्ते पिसावेत.

मग तयारी उरते कशात? पहिली पेट्रोलमध्ये. मस्टँगच्या दोन्ही पंखांत प्रत्येकी 92 गॅलनची टाकी, आणि वैमानिकाच्या पाठीमागं 85 गॅलनची तिसरी. बर्लिनपर्यंत जाऊन परत यायला ती हवीच होती, पण ती भरलेली असली की गुरुत्वमध्य मागं सरकतो. घट्ट वळणात विमान स्वतःहूनच आणखी घट्ट वळायला बघतं. युद्धातले वैमानिक म्हणूनच ती आधी रिकामी करायचे. रेनोत तर सगळी वळणं डावीकडची आणि तीव्र. सत्तर अंश कलून उंची राखायची तर अंगावर जवळजवळ तिप्पट भार येतो. तेव्हा मागची टाकी कोरडी ठेवायची. सुमारे 230 किलो वजन वाचतं ते वेगळंच.

नंतर ट्रिम, म्हणजे विमान सरळ राखणारी बारीक जुळवणी. प्रॉपेलरच्या ओढीनं विमान डावीकडं पळतं, म्हणून टेकऑफआधी रडर ट्रिम सहा अंश उजवीकडं. वेग चढला की हे गणित बदलतं. हात तिथंच घुटमळत राहतो. रेनोचा स्टेड विमानतळ पाच हजार फुटांवर आहे, शर्यत जमिनीलगत, त्यामुळं सुपरचार्जर खालच्या गिअरमध्येच ठेवायचा. जॉयस्टिकची संवेदनशीलता, ढगांची सजावट कमी करणं वगैरे ज्यानं त्यानं आपापलं बघावं.

खरं लक्ष हवं ते कूलंटच्या काट्यावर. 121 अंशांना लाल रेघ. रेडिएटरची झडप ऑटोवर ठेवली तर ती आपलं काम करते. हातानं जास्त उघडली तर इंजिन गार होतं पण रोध वाढतो, मिटली तर वेग मिळतो आणि काटा रेघेकडं सरकतो. खांबाला वळसा घालताना नजर बाहेर असते, आणि काटा नेमका तेव्हाच चढतो.

पण इंजिन जळलं तर जळलं, बटण दाबलं की नवं, असं असेल तर त्या काट्याला कोण भीक घालणार? खऱ्या रेनोत 2011 मध्ये ‘गॅलपिंग घोस्ट’ नावाच्या मस्टँगच्या ट्रिम टॅबचे सैल झालेले स्क्रू अकरा जणांना घेऊन गेले. ती भीती पडद्यावर येत नाही, यावीही नको. इंजिनाची भीती मात्र आणता येते. एटूए सिम्युलेशन्सच्या मस्टँगमध्ये इंजिनाची झीज पुढच्या उड्डाणापर्यंत तशीच राहते. आज ताणलं की उद्या ते कुरकुरतं.

आयोजकांनी असंच विमान निवडावं आणि रेनोसारख्या प्राथमिक फेऱ्या आठवडाभर ठेवाव्यात, इंजिन तेच. मग शुक्रवारी कोण किती इंच ओढतो, आणि रविवारच्या अंतिम फेरीत कोण उरतो, ते बघू.