दुखण्याआधीची तपासणी

परभणीच्या खेड्यांत बायका अंगावरून जाणं अंगावरच काढतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही विषाणू असतो आणि संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात. म्हणजे खरा घात उशिराचा. ‘गावाकडच्या बायका तपासणीला येतच नाहीत’ हा आक्षेप शहरी सोयीचा, आणि तो मराठवाड्यातच खोटा ठरला. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. तपासणीला बोलावलेल्या दहांपैकी जवळपास आठ जणी आल्या. मऊ ब्रशने घेतलेल्या पेशींची एकदाच एचपीव्ही चाचणी आणि गरजेनुसार उपचार, एवढ्यावर, ही चाचणी देऊ केलेल्या गटातले या रोगाचे मृत्यू आठ वर्षांत तपासणीला न बोलावलेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे राहिले. चाचणी महाग, हे खरं. पण ती आयुष्यात एकदा झाली तरी उपयोगी पडते. तिशी ओलांडलेल्या बाईने त्रास नसतानाच डॉक्टरांकडे ही चाचणी मागावी.