शीतनातील प्रवाहनियंत्रण : मोहाची भट्टी आणि बिअरचा वर्ट

प्रस्तावना

राजुरा व लगतचा चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश मोहवृक्षांसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्याच्या प्रारंभी गळणारी मोहफुले आंबवून त्यांची दारू गाळण्याची प्रथा येथील आदिवासी समाजात जुनी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. तथापि विनापरवाना दारू गाळणे हा राज्यात सर्वत्र गुन्हाच आहे. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेतील शीतनाचा केवळ भौतिकशास्त्रीय विचार केला असून, बिअरनिर्मितीतील शीतनाशी त्याची तुलना केली आहे.

भट्टीतील नियंत्रण

आंबवलेले मिश्रण तापविले असता निघणारी वाफ थंड पाण्याने गार ठेवलेल्या पृष्ठभागावर द्रवरूप होते. पाणी कोमट झाले की ते बदलावे लागते. येथे व्हॉल्व्ह नसतो. चुलीतील जाळ हाच प्रवाहाचे नियमन करतो. जाळ वाढविल्यास वाफ अधिक निघते, परंतु शीतनाची क्षमता तेवढीच राहते. परिणामी न थिजलेली वाफ बाहेर पडते. मद्यार्काची वाफ ज्वलनशील असल्याने उघड्या जाळाजवळ हा केवळ अपव्यय नसून आगीचा धोकाही असतो.

वर्ट व पंप

बार्लीच्या माल्टचा, हॉप घालून उकळलेला गोड अर्क म्हणजे वर्ट. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी, यीस्ट घालण्यापूर्वी तो त्वरेने थंड करतात. २० लिटर वर्ट ९५ अंशांवरून २५ अंश सेल्सिअसवर आणण्यास सुमारे ५,९०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. हे काम १० मिनिटांत करावयाचे झाल्यास शीतनाचा दर जवळजवळ १० किलोवॉट हवा; २० मिनिटांत केल्यास त्याच्या निम्मा पुरतो. म्हणून पंपाचा पूर्ण प्रवाह शीतकास झेपत नसेल, तर तो कमी करणे हाच उपाय होय.

मात्र व्हॉल्व्ह पंपाच्या निर्गम बाजूस असावा. आगम बाजूस प्रवाह अडविल्यास तेथील दाब घटतो आणि उकळबिंदूनजीकच्या द्रवात वाफेचे बुडबुडे निर्माण होतात. त्यामुळे प्रवाह खंडित होतो व पंपाची हानी होते. केंद्रोत्सारी पंपाचे निर्गमद्वार अंशतः बंद केल्यास मात्र तो सुरक्षितपणे चालतो. पंप भांड्याच्या पातळीखाली ठेवावा, सुरू करण्यापूर्वी तो द्रवाने भरलेला असावा आणि शीतकातून बाहेर पडणाऱ्या वर्टचे तापमान पाहून व्हॉल्व्ह कमी-अधिक करावा. वर्ट व पाणी परस्परविरुद्ध दिशांनी वाहत असल्यास शीतन अधिक परिणामकारक होते.

स्थानिक मर्यादा

प्रवाह कितीही मंद केला तरी वर्ट शीतक पाण्यापेक्षा थंड होऊ शकत नाही. चंद्रपूर परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि छतावरील टाकीतील पाणीही तापते. पाणी ३५ अंशांचे असेल, तर २० अंशांच्या आसपास काम करणाऱ्या यीस्टसाठी ते निरुपयोगी ठरते. अशा वेळी पाणी शीतकात जाण्यापूर्वी बर्फात ठेवलेल्या नळीतून फिरवावे लागते.

निष्कर्ष

भट्टीतील जाळ आणि पंपापुढील व्हॉल्व्ह ही एकाच तत्त्वाची दोन रूपे आहेत. येणाऱ्या उष्णतेचा दर शीतनक्षमतेच्या मर्यादेत ठेवणे, हे ते तत्त्व होय. परंतु पाण्याच्या तापमानाने घातलेली मर्यादा प्रवाहनियंत्रणाने ओलांडता येत नाही. उष्ण प्रदेशात शीतनाची योजना आखताना या दोन बाबींचा भेद ध्यानी घेणे आवश्यक ठरते.