पाठ घरी पोहोचला, पण समजला का?

कॉलेजचे काही तास वर्गात आणि काही घरी मोबाइलवर, अशी संमिश्र पद्धत आता आपल्या मुला-मुलींच्या वाट्याला आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये काढलेल्या मसुद्यात प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्याची मुभा सुचविली होती. मग या घरच्या तासाची चित्रफीत कशी असावी, याचा विचार आपल्या समाजातील प्राध्यापक बंधू-भगिनींनी जरूर करावा. एका खोलीच्या घरात, भावंडांत मिळून असलेल्या एका मोबाइलवर, कुकरच्या शिट्ट्या ऐकत जी मुलगी शिकते, तिच्यासाठी ती बनली पाहिजे. खासगी शिकवणी लावणाऱ्याचे रद्दड चित्रफितीने फारसे बिघडत नाही; हिचे वर्ष जाते.

हा प्रयोग तसा जुनाच. १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर अनुदान आयोगाचे 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू झाले. पण ते ठरल्या वेळीच लागे. कामावर गेलेल्याला ते कुठून दिसणार? आज पाठ थांबवून पुन्हा ऐकता येतो, ही मोठीच सोय.

पण अनेकदा होते काय? मागच्या बाकावर मोबाइल टेकवून ५० मिनिटांचे व्याख्यान टिपायचे आणि ग्रुपवर टाकून मोकळे व्हायचे. फळा चमकतो, पंखा घरघरतो, सरांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा! याला आम्ही शिकविणे म्हणणार नाही.

अमेरिकेतील 'एडएक्स' या ऑनलाइन शिक्षणसंस्थेच्या चार अभ्यासक्रमांतील ८६२ चित्रफिती विद्यार्थी कशा पाहतात, याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या गेल्या. चित्रफीत कितीही लांब असो, विद्यार्थी साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत, असे दिसले. वर्गातले व्याख्यान नुसते तुकडे करून दिले तरी ते रंगत नाही. हाताने लिहीत समजावलेले आणि टेबलाशी बसून आपुलकीने बोललेले अधिक पाहिले जाते. म्हणजे भारी स्टुडिओ नाही म्हणून कुणी अडून बसू नये.

खर्च करायचाच तर आधी आवाजावर करावा. चित्र थोडे अंधुक चालते, शब्द तुटलेला चालत नाही. शर्टाला लावायचा साधा माइक घ्यावा, पंखा बंद ठेवावा. रिकाम्या खोलीत आवाज घुमत असेल तर समोरच्या भिंतीवर गोधडी टांगावी. हसू नका, उपयोग होतो. खिडकी पाठीशी नको, तोंडासमोर हवी. एका चित्रफितीत एकच मुद्दा घ्यावा. इंग्रजी संज्ञा सांगून लगेच तिचा अर्थ मराठीत फोडावा. अक्षरे मोठी काढावीत आणि पाठवण्याआधी स्वतःच्या मोबाइलवर वाचून पाहावीत. खाली मजकूर द्यावा, तोही माणसाने तपासलेला. यंत्राने उतरवलेली मराठी कधीकधी भलतेच बोलते.

आणि वर्गात तोच पाठ पुन्हा म्हणून दाखवू नये. शेवटी दोन प्रश्न द्यावेत, मुलांनी वहीत सोडवून आणावेत आणि कुठे अडले यावरच तास घ्यावा. संमिश्र पद्धतीचा खरा फायदा तिथेच आहे.

एक गोष्ट मात्र कॉलेजनेच करायची. लहान आकाराची फाइल कॉलेजच्या वाय-फायवर उतरवून नेता आली पाहिजे, म्हणजे घरी रिचार्ज संपला तरी पाठ थांबणार नाही.