टॅप मोडला? हातोडा खाली ठेवा!

वर्कशॉपमध्ये मोठे आवाज कुणाच्या खिजगणतीत नसतात. प्रेस धाडधाड आदळतो, ग्राइंडर किंचाळतो, कुणी मान वर करत नाही. पण आटे पाडताना कुठेतरी बारीकसा ‘कट्’ वाजला, की आजूबाजूची चार डोकी वळतात. टॅप मोडला! टॅप दोन-तीनशे रुपयांचा, आणि अडकलाय कुठे? मिलिंग, ग्राइंडिंग, सगळे सोपस्कार उरकून तयार झालेल्या मोल्डच्या शेवटच्या भोकात. यात नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही. आटे पाडणं हे बहुतेक जॉबवरचं अखेरीचं काम, त्यामुळे जॉब पुरता महाग झाल्यावरच टॅपला मोडायची संधी मिळते.

आत राहिलेला तुकडा काढायचा कसा, याची उत्तरं शोधत गेलं की गाडी घड्याळजीच्या टेबलापासून थेट युद्धकाळातल्या मॉस्कोपर्यंत जाते. आणि गंमत अशी, की जे उपाय खरोखर चालतात, त्यांतल्या बहुतेकांना मनगटाचा जोर लागतच नाही.

एम-३ला शिंक पुरते

टॅप म्हणजे कडक पोलादाचा स्क्रू, फक्त त्याच्या अंगावर दोन, तीन किंवा चार उभ्या खाचा पाडलेल्या असतात. वर्कशॉपच्या भाषेत फ्लूट. या खाचांमुळे आट्यांना धार मिळते आणि निघालेला कीस मावायला जागा मिळते. पण त्याच खाचा टॅपच्या पोटातलं पोलाद खाऊन टाकतात आणि मधला गाभा बारीक उरतो.

आता एक हिशेब बघा. पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एम-१२चा टॅप एम-३च्या चौपट जाड, पण पिळाला तो ६४ पट दणकट. हँडल फिरवणारा हात मात्र दोघांना एकच! म्हणून मोठा टॅप मोडायला मेहनत लागते आणि एम-३ला शिंक पुरते.

मोडण्याआधी टॅप सूचना देतो, पण ती कानाला नाही, बोटांना कळते. हँडल फिरवलं की थोडं पुढे जातं आणि हात सैल सोडला की स्प्रिंगसारखं मागे येतं. म्हणजे टॅप कापत नाहीये, नुसता पिळला जातोय. तिथेच थांबायचं, उलटं फिरवायचं, कीस तोडायचा, तेल घालायचं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे हा जुन्या फिटरांचा ठेका त्यासाठीच. एका हाताने हँडल दाबत गप्पा मारणाऱ्याचा टॅप तिरका जातो, आणि तिरका गेलेला टॅप मोडला नाही तर त्याला चमत्कार म्हणावं.

दुसरं कारण भोकाच्या मापात. व्यासातून पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वजा करायचा, की ड्रिलचं माप मिळतं: एम-६ला ५, एम-८ला ६.८, एम-१०ला ८.५. यात आट्याची उंची साधारण तीन चतुर्थांश भरते. ‘मग पूर्ण का नको?’ असं नव्या पोराला वाटतंच. पण जुना हिशेब सांगतो, की पूर्ण उंचीचा आटा जेमतेम पाच टक्के जास्त मजबूत होतो आणि तो पाडायला जोर लागतो जवळपास तिप्पट. ‘४.८चं ड्रिल हाताशी होतं, मारून टाकलं’ हे वाक्य अनेक मोडक्या टॅपच्या मुळाशी असतं. स्टेनलेसचा वेगळाच नखरा. बोथट ड्रिल नुसतं घासत राहिलं, तर भोकाची भिंत कडक होऊन बसते आणि त्याचा राग टॅपवर निघतो.

जुनी मशिनं दुरुस्त करणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली इंग्लंडमध्ये आट्यांचं प्रमाण ठरवलं ते ५५ अंशांच्या कोनाचं. अमेरिकेत १८६४ला विल्यम सेलर्सने मांडलं ते ६० अंशांचं. शिवाय अर्धा इंची व्हिटवर्थला इंचात १२ आटे आणि अर्धा इंची अमेरिकन जाड आट्याला १३. दिसायला सख्खे भाऊ! जुने आटे साफ करायला चुकीचा भाऊ आत घातला की दोन-चार फेरे गोडीत जातात, मग घोडं अडतं.

टॅपच्या जातीही ओळखून ठेवलेल्या बऱ्या. गन टॅप कीस पुढे ढकलतो, म्हणून तो आरपार भोकाला. स्पायरल फ्लूटचा टॅप कीस वर ओढून काढतो, म्हणून तो बंद भोकाला. यांची अदलाबदल झाली, तर बंद भोकाच्या तळाशी कीस ठासून भरतो आणि पुढचं सांगायला नको. अॅल्युमिनियमला रॉकेल चालतं. बिडाला तर बहुतेक वेळा काहीच लागत नाही, त्याच्या पोटात ग्राफाइट असतंच.

काट्याने काटा निघत नाही

टॅप मोडला की पहिला विचार येतो, ड्रिल मारून टाकू. इथे म्हण लंगडी पडते. टॅप हायस्पीड स्टीलचा, कडकपणा रॉकवेल सी मापावर ६२ ते ६५. ड्रिलही त्याच पोलादाचं. दोघं तोडीस तोड असले की ड्रिल टॅपवर टिकत नाही, घसरून शेजारच्या मऊ धातूत शिरतं. मग टॅप आहे तिथेच, आणि भोक मात्र लंबगोल.

बरं, तापवून मऊ करावा का? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टॅप साध्या कार्बन स्टीलचे असत तेव्हा हे जमायचं. लाल करायचा, राखेत हळूहळू गार होऊ द्यायचा आणि ड्रिल मारायचं. त्या सोयीवर पाणी ओतलं फ्रेडरिक टेलरने. घड्याळ लावून कामगारांच्या हालचाली मोजणारा तो हाच टेलर. त्याने आणि मॉन्सेल व्हाइटने अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये अशी प्रक्रिया काढली, की हत्याराचं टोक लालभडक झालं तरी कापत राहावं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात हे बघून इंजिनियर थक्क झाले. तेच हायस्पीड स्टील सुमारे ६०० अंशांपर्यंत कडकपणा सोडत नाही. लेथवर वरदान, पण भोकात मोडलेल्या टॅपपुढे गॅसच्या बत्तीने हात टेकले ते तेव्हापासून.

कार्बाइडचं ड्रिल टॅपहून कडक असतं, ते चालतं. पण मशीन घट्ट हवं, जॉब पक्का बांधलेला हवा. हातातल्या ड्रिल मशीनवर कार्बाइड लावणं म्हणजे आत एकाऐवजी दोन तुकडे जमा करणं. त्याहून वाईट ईझी आउट. मोडक्या बोल्टसाठी केलेलं हे उलट्या पिळाचं अवजार कुणीतरी उत्साहाने टॅपवर वापरतं. एक तर त्याला लागणारं भोक टॅपमध्ये पडतच नाही. आणि ईझी आउट आत मोडलं, तर तेही टॅपसारखंच कडक. मग दुखणं तेच, नाव नवं.

आता हातोड्याबद्दल. कडक म्हणजे ठिसूळ, त्यामुळे पंच ठेवून ठोकला तर टॅपच्या ठिकऱ्या होतात हे खरं. मोठं आणि आरपार भोक असेल, तर ही रीत कधीकधी कामी येते. पण गॉगल नसेल तर ठिकरी डोळ्यात जाते आणि नेम चुकला तर आटे चेचले जातात. बंद भोकात तर ठोकून तुकडा आणखी पाचरीसारखा बसतो. शहाण्याने हातोडा शेवटच्या नंबरावर ठेवावा.

बोटं घालून फिरवा

सगळ्यात सभ्य उपाय म्हणजे टॅप एक्स्ट्रॅक्टर. टॅपच्या खाचांमध्ये बसतील अशी पोलादी बोटं, आणि त्यांना खालपर्यंत आधार देणारी एक सरकती कडी. चार खाचांच्या टॅपला चार बोटं, तीनला तीन. आधी खाचांतला कीस हवेने आणि सुईने साफ करायचा, तेल सोडायचं, कडी जॉबला टेकवायची, आणि मग सरळ उलटं न फिरवता पुढे-मागे हलवत राहायचं. तुकडा हलला की समजावं अर्धं काम झालं. घाईने पिळलं तर बोटंच मोडतात. एक्स्ट्रॅक्टर नसेल, तर टॅपच्या वरच्या तुटक्या तुकड्याच्या खाचांतून स्टीलच्या तारा खाली सोडून फिरवणारेही असतात. फॉर्मिंग टॅप मोडला तर मात्र हात जोडायचे. तो धातू कापत नाही, दाबून आटे उठवतो. म्हणून एम-६ला त्याला साडेपाच मिलिमीटरच्या आसपास भोक लागतं आणि कीस अजिबात निघत नाही. पण कापायच्या खाचाच नसल्यामुळे बोटं घालणार कुठे?

टॅप थोडा मोठा असेल, तर वेल्डर मदतीला येतो. तुकड्यावर टाक्यावर टाका चढवून वर आणायचा, त्याला नट जोडायचा आणि पान्याने फिरवायचं. तापून गार होताना तुकडा थोडा आकसतो, पकड सुटते. अॅल्युमिनियमच्या जॉबमध्ये तर हे आणखी सोपं, कारण पोलादाचं वेल्डिंग अॅल्युमिनियमला धरत नाही.

तुरटीचा काढा

माझा सगळ्यात आवडता उपाय किराणा दुकानात मिळतो. पितळी पट्टीत पोलादी स्क्रू मोडला की घड्याळजी ती पट्टी तुरटीच्या गरम पाण्यात ठेवतात. चांदीत मोडलेलं बारीक ड्रिल काढायला सोनारही हेच करतात. अॅल्युमिनियममध्ये मोडलेल्या टॅपलाही ही मात्रा लागू पडते.

कृती फार नाही. काचेच्या भांड्यात पाणी गरम करायचं, विरघळेल तेवढी तुरटी घालायची, जॉब बुडवायचा आणि मंद आचेवर ठेवायचं. थोड्या वेळाने बघितलं तर जॉब गप्प बसलेला असतो, फक्त त्या एका भोकातून बारीक बुडबुड्यांची माळ सुटलेली दिसते. तो हायड्रोजन. तुरटीचं पाणी आम्लधर्मी, ते लोखंड खात असतं. अॅल्युमिनियमच्या अंगावर ऑक्साइडचं चिवट कवच असतं आणि पितळाला या पाण्याचं फारसं सोयरसुतक नसतं, म्हणून दोघं सुखरूप. मधूनमधून आटलेलं पाणी भरायचं. काही तासांनी, टॅप जाड असेल तर दुसऱ्या दिवशी, तुकड्याच्या जागी काळा चिखल उरतो. तो धुतला की आतले आटे जसेच्या तसे!

दोन सूचना हसू येईल अशा, पण गरजेच्या. जॉब स्वतःच लोखंडाचा असेल तर हे करू नका, टॅपबरोबर जॉबही विरघळायला लागेल. आणि लोखंडी कढईत उकळू नका, त्याच कारणासाठी. एक भाग नायट्रिक अॅसिड आणि पाच भाग पाणी भोकात सोडायची रीत जुन्या वर्कशॉप पुस्तकांत सापडते, पण त्याचा धूर विषारी. तुरटी बरी.

मॉस्कोची ठिणगी

लोखंडाच्या जॉबमध्ये टॅप मोडला आणि बोटं चालली नाहीत, की कारखाना भोसरीचा असो वा शिरोलीचा, साहेबांचा हुकूम एकच: स्पार्कवर पाठवा.

विजेची ठिणगी धातू खाते हे जोसेफ प्रिस्टलेने १७७०मध्येच टिपून ठेवलं होतं. ऑक्सिजनवाला प्रिस्टले तो हाच. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं ही नुसती खोडच मानली गेली. दुसऱ्या महायुद्धात मॉस्कोत बोरिस आणि नताल्या लाझारेन्को या नवरा-बायकोंकडे काम आलं: विजेचे टंगस्टनचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी झिजतात, ती झीज थांबवा. त्यांनी कॉन्टॅक्ट तेलात बुडवून पाहिले. झीज थांबेना, पण तेलात ती जास्त नेमकी आणि आवाक्यातली होते हे दिसलं. १९४३मध्ये त्यांनी प्रश्नच उलटा केला. थांबत नाही ना, मग याच झिजेने धातू कापू या!

साधारण त्याच सुमारास अमेरिकेत हॅरोल्ड स्टार्क, व्हिक्टर हार्डिंग आणि जॅक बीव्हर हे तिघे स्वतंत्रपणे तिथेच पोचले. आणि त्यांना काम काय दिलेलं होतं माहीत आहे? अॅल्युमिनियमच्या ओतीव भागांत मोडलेले टॅप आणि ड्रिल काढायचं! त्यांच्या यंत्रातून सेकंदाला ६० ठिणग्या पडत. नंतर व्हॅक्यूम ट्यूब आल्या आणि आकडा हजारांवर गेला. आज जेट इंजिनाच्या टर्बाइन पात्यांना थंड ठेवणारी बारीक भोकं याच तंत्राने पाडतात. म्हणजे विमानाच्या त्या पात्याच्या वंशावळीत कुठेतरी एक मोडका टॅप आहे.

यात धातू किती कडक याला किंमतच नाही. तांब्याची किंवा पितळेची कांडी टॅपच्या जवळ आणतात, टेकवत नाहीत. मधे केसाएवढी फट आणि त्यात रॉकेलसारखं वीज अडवणारं द्रव. ठिणगी पडते त्या ठिपक्यावर तापमान ८,००० अंशांच्या पुढे जातं आणि टॅपचा कण वितळून वाहून जातो. कांडी आट्यांच्या आतल्या व्यासापेक्षा बारीक घेतात, त्यामुळे फक्त गाभा जळतो. गाभा गेला की खाचांमधले दात सुटे होतात आणि चिमट्याने वेचता येतात.

वेचताना मात्र घाई नको. ठिणगीने वितळून पुन्हा गोठलेला थर भलताच कडक असतो, आणि आट्यात अडकलेला एखादा दात तर मूळचाच कडक. स्क्रायबरच्या टोकाने एकेक आटा कोरून काढायचा, हवा मारायची, टॉर्च लावून तळ बघायचा. हे न करता थेट नवा टॅप फिरवणाऱ्याचा जॉब त्याच दिवशी दुसऱ्यांदा स्पार्कवाल्याकडे आलेला पाहण्यात आहे, आणि स्पार्कवाला दुसऱ्या फेरीला सवलत देत नाही.