घरी शिकतो, तरी नाव पटावर

तळेगाव दाभाड्यात एमआयडीसीतल्या शिफ्ट सांभाळून आम्ही सात वर्षांच्या मुलाला घरी शिकवतो. पाटीवर जमेना; पण वजू करताना हात तीनदा धुता धुता तो तीनपर्यंत मोजू लागला. दादीचं श्रेय!

शाळेच्या पटावरचं नाव मात्र आम्ही काढू दिलेलं नाही. २०१२ च्या दुरुस्तीपासून शिक्षण हक्क कायद्यात तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय आहे. शिवाय २०१६ च्या कायद्याने किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्यांना ६ ते १८ वर्षं जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळतं. म्हणजे उद्या तो तयार झाला, तर दार उघडंच. समग्र शिक्षेतल्या विशेष शिक्षकासाठी शाळेकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.