झाडाची जखम आणि हेल्मेटवरचा कॅमेरा

शाळेच्या आवारातल्या जुन्या झाडाच्या खोडाकडे नीट पाहिले, तर कुठेतरी डोळ्यासारखी दिसणारी गोल खूण सापडते. तिथे पूर्वी फांदी होती. काही खुणांवर चारी बाजूंनी जाड कडा येऊन जखम पूर्ण मिटलेली असते. काही ठिकाणी मात्र मधोमध ढोली पडलेली असते आणि तिच्यात पोपट राहत असतात. फांदी दोन्हीकडे तुटली होती. मग एक जखम मिटली आणि दुसरी आतून कुजली, असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांना रोजच्या कामात लागते, त्यांना ब्रिटनमध्ये 'ट्री सर्जन' म्हणतात. आपण त्यांना वृक्षवैद्य म्हणू. कमरेला पट्टे बांधून, दोराच्या आधाराने झाडावर चढायचे, वाळलेल्या किंवा धोकादायक फांद्या काढायच्या, दाटी विरळ करायची आणि झाड राखणे शक्यच नसेल तर ते वरून खाली तुकड्यातुकड्यांनी उतरवायचे, हा त्यांचा व्यवसाय. गेल्या काही वर्षांत यांतले अनेकजण हेल्मेटवर छोटा कॅमेरा बसवून आपले काम चित्रित करतात. ही केवळ हौस आहे असे वाटेल. पण झाडाची जखम कशी वागते हे समजून घेतले, की या चित्रफितींचे मोल लक्षात येते.

झाड जखम भरत नाही

आपल्या हाताला कापले, तर त्याच जागी नव्या पेशी तयार होतात आणि जखम भरून येते. झाडाला हे जमत नाही. लाकूड एकदा तयार झाले की त्याची दुरुस्ती होत नाही. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कॅम्बियम नावाचा पेशींचा अगदी पातळ थर असतो. नवे लाकूड हा थर तयार करतो आणि ते जुन्या लाकडाच्या बाहेरच्या बाजूला रचले जाते. म्हणजे जखमी लाकूड आहे तिथेच, आहे तसेच राहते. झाड त्याच्यावर नवे लाकूड चढवते, इतकेच.

मग जखमेतून शिरलेली बुरशी सगळे खोड का खाऊन टाकत नाही? याचा छडा अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो (१९३० ते २००६) यांनी लावला. यांत्रिक करवतीने त्यांनी असंख्य झाडे आडवी कापण्याऐवजी उभी चिरली आणि जुन्या जखमांचा माग आतपर्यंत काढला. कुजलेला भाग वेडावाकडा पसरत नाही, त्याला ठराविक सीमा असतात, असे त्यांना दिसले. १९७७ साली हॅरॉल्ड मार्क्स यांच्यासह त्यांनी ही कल्पना एका पुस्तिकेत सविस्तर मांडली.

ही कल्पना जहाजाच्या उदाहरणाने समजते. जहाजाच्या तळाशी बंद कप्पे असतात. एका कप्प्यात पाणी शिरले, तर ते तिथेच अडते. झाडही जखमेभोवती अशा चार भिंती उभारते. पहिली भिंत पाणी वाहणाऱ्या नळ्या वरखाली बुजवते. ही सर्वांत कमजोर असते, म्हणून कूज खोडात उभी जास्त पसरते. दुसरी भिंत वाढीच्या वलयांची. ती कूज गाभ्याकडे जाण्यापासून रोखते. तिसरी भिंत गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या किरण-पेशींची. ती कूज आजूबाजूला पसरू देत नाही. चौथी भिंत जखम झाल्यानंतर कॅम्बियम नव्याने तयार करतो आणि ती सर्वांत भक्कम असते. जखमेच्या वेळी असलेले लाकूड एका बाजूला आणि नंतरचे दुसऱ्या बाजूला, अशी ती सीमारेषा आहे. म्हणूनच आतून पोकळ झालेले झाड बाहेरून हिरवेगार राहू शकते.

बोटभर अंतराचा फरक

आता फांदी कुठे कापायची हा प्रश्न पाहू. फांदी खोडाला मिळते तिथे खालच्या बाजूला थोडा फुगवटा असतो. शर्टाची कॉलर जशी मानेभोवती असते, तसा तो फांदीच्या बुडाभोवती असतो. त्याला कॉलरच म्हणतात. वरच्या बेचक्यात सालीची उंचवटलेली रेघ दिसते. कॉलर हा खोडाचा भाग आहे, आणि फांदीच्या बुडाशी झाडाने संरक्षणाची तयारी आधीच केलेली असते. तिथे बुरशीला मारक अशी रसायने साठतात. रुंद पानांच्या झाडांत ती बहुधा फिनॉल गटातली असतात, तर पाइनसारख्या झाडांत राळेच्या गटातली.

पूर्वी फांदी खोडाला घासून, अगदी सपाट कापावी आणि वर डांबर किंवा रंग लावावा, असे शिकवले जाई. दिसायला ते स्वच्छ दिसते. पण त्यात कॉलर कापली जाते, जखम मोठी होते आणि कूज थेट खोडात शिरते. रंगाने कूज थांबते असे पुढच्या अभ्यासांत दिसले नाही. उलट, लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि जखमेच्या कडा मिटू देत नाही. योग्य काप या दोहोंच्या मधे, कॉलरच्या लगेच बाहेर असतो. चूक आणि बरोबर यांत अनेकदा बोटभरच अंतर असते.

जड फांदी एका कापात काढली तर ती तुटताना खोडाची साल सोलत खाली येते. म्हणून तीन काप घेतात. पहिला खोडापासून थोडा दूर, खालून, अर्धवट. दुसरा त्याच्या किंचित बाहेर, वरून. इथे फांदी पडते. तिसरा उरलेला खुंट काढण्यासाठी, कॉलरच्या बाहेर.

कॅमेरा काय पाहतो?

हा निर्णय जमिनीपासून पंधरा-वीस मीटरवर, दोराला लटकून, करवत हातात असताना घेतला जातो. खाली उभ्या माणसाला कॉलर दिसत नाही. बेचक्यात दबलेली साल किंवा फांदीच्या पाठीवरचे बुरशीचे छत्रही दिसत नाही. हेल्मेटवरचा कॅमेरा मात्र काम करणाऱ्याचे डोके वळेल तिकडे वळतो, त्यामुळे जवळजवळ त्याच्याच नजरेतून काम नोंदले जाते. नवशिक्याला हे जमिनीवरून शिकवणे कठीण असते.

चित्रफितीच्या मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. अशा कॅमेऱ्यांचे भिंग बहुधा फार विस्तृत कोनाचे असते. त्यामुळे जवळची वस्तू मोठी, लांबची फारच लहान आणि कडेच्या सरळ रेषा वाकलेल्या दिसतात. चित्रावरून उंची किंवा जखमेचे माप अंदाजाने काढू नये. चौकटीत मोजपट्टी धरलेली असावी.

दुसरी मर्यादा वेळेची. यांत्रिक करवतीची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने धावते. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे घेत असेल, तर एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत साखळी २० भागिले २५, म्हणजे ०.८ मीटर पुढे जाते. सेकंदाला २४० चित्रे घेतली, तर हेच अंतर सुमारे ८ सेंटिमीटर होते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की करवत उसळून माणसाच्या अंगावर येते. हे इतक्या झटकन घडते, की हात मागे घेण्याची आज्ञा मेंदूकडून निघेपर्यंत सारे संपलेले असते. संथ गतीने पाहिल्यावर पात्याचे टोक नेमके कुठे टेकले ते कळते. म्हणूनच झाडावर करवत चालवताना दोन वेगवेगळ्या बांधण्यांनी स्वतःला जखडण्याची शिस्त आहे. एक दोर चुकून कापला गेला, तरी दुसरा तारतो. कॅमेऱ्यासाठी हेल्मेटला भोक पाडणेही चूकच, कारण त्याने हेल्मेटची ताकद कमी होते.

उत्तराला लागणारी वर्षे

आमच्या मते या चित्रफितींचा सर्वांत मोठा उपयोग वेगळाच आहे. काप घ्यायला मिनिटभर लागते. तो बरोबर होता की चूक, हे झाड कित्येक वर्षांनी सांगते. तोवर कापणारा माणूस दुसरीकडे गेलेला असतो आणि कूज वादळात फांदी कोसळल्यावरच उघडकीस येते. तेव्हा खाली कोणी उभे असेल, तर त्याच्या जिवावर बेतते. कापाच्या दिवसाचे चित्र तारखेसह जपून ठेवले, तर पाच किंवा दहा वर्षांनी त्याच जागेचे चित्र शेजारी ठेवून पाहता येते. शिगो यांना हा माग झाड चिरून काढावा लागला. आता त्यातला बाहेरून दिसणारा भाग झाड न पाडता पाहता येईल.

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाच्या फांद्या छाटल्या जातात. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ साली झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण परवानगी घेऊन केलेला कापही चुकीच्या जागी असू शकतो. तो ओळखायला शाळेत सहज शिकवता येईल.

त्यासाठी झाडावर चढू नये. हाताच्या उंचीवरच्या पाच जुन्या जखमा निवडाव्यात. प्रत्येकीजवळ पट्टी धरून फोटो घ्यावा. खोडापासून किती अंतरावरून आणि कोणत्या दिशेने घेतला, ते वहीत लिहावे. काप सपाट आहे, खुंट राहिला आहे की कॉलर शाबूत आहे, हे नोंदवावे. दरवर्षी जूनमध्ये त्याच जागेवरून फोटो घ्यावा आणि उघड्या लाकडाची रुंदी मोजावी. खोड जाड होत जाते, पण जखमेची जमिनीपासूनची उंची बदलत नाही, कारण खोडाची लांबी फक्त शेंड्याकडे वाढते. म्हणून तीच जखम दरवर्षी शोधणे सोपे जाते.

पाचवीतली मुले दहावीत जाईपर्यंत कोणती जखम मिटली आणि कोणती नाही, याची पाच वर्षांची नोंद शाळेजवळ तयार असेल. पुढच्या वेळी छाटणी करणारे आले, की ती वही त्यांना दाखवता येईल.